ज्याची पाटी, त्यानंच काढायची

दि. ४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना सप्रेम सलाम.

तुमचं पत्र मिळालं. इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे आम्ही दोघंच, त्यामुळे हिशेब सोपा आहे. तुम्ही लिहिलंत की आयुष्यभर वॉर्डात उभ्या राहिलात आणि आता कुणी बसा म्हटलं की बसवत नाही. माझंही तसंच झालंय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. हे पत्रसुद्धा ओट्याशी उभी राहून लिहितेय, म्हणून ओळी उताराला लागल्यात. गोड मानून घ्या.

मागच्या पत्राखाली तुमच्या धाकट्या भावाची ओळ का नव्हती, असं विचारलंत. तुम्हाला पत्र जायचं ते दोघांच्या हातचं, ही आपल्या घरची रीत मी विसरलेले नाही. ह्यांचा हात जरा सुजलाय. कामावर मुरगळला. फार काही नाही.

कामावर थोडा अपघात झाला होता. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात सामानाची लिफ्ट दुरुस्त करत होते. देवाच्या कृपेनं ह्यांना काही झालं नाही. ह्यांच्या जोडीदाराला लागलं, तो दवाखान्यात आहे. डॉक्टर चांगले आहेत म्हणतात.

बाकी नेहमीचंच. चर्चच्या ऑर्गनचा एक पायटा कुरकुरतो, बरोबर पाळकसाहेब आवाज खाली आणतात तेव्हाच. प्रवचन मात्र दर रविवारी लांबतंय. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. अख्ख्या शहराच्या लिफ्टा वरखाली करणाऱ्या माणसाच्या घरात नळ गळतो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी खाली फडकं घातलंय म्हणजे आवाज येत नाही. थेंब पडतो तो पडतोच.

गुडघ्यांना जपा. हे इथे शेजारीच बसलेत, तुम्हाला सलाम सांगतायत.

तुमची भावजय


दि. १६ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना सलाम.

तुम्ही नर्स होतात हे मी दर वेळी विसरते आणि दर वेळी तोंडावर आपटते. "कुठला हात? उजवा की डावा? आणि हात मुरगळला आणि काही झालं नाही, हे दोन्ही एकाच पानावर कसं?" तुमचं पत्र वाचून पोलिसांनी बोलावल्यासारखं वाटलं.

हाताला काही झालेलं नाही. दोन्ही हात धडधाकट आहेत. ते लिहीत नाहीत, कारण ते काहीच करत नाहीत. अपघात झाल्यापासून कामावर गेलेले नाहीत. कंपनीनं चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणून सांगितलंय, पण सांगितलं नसतं तरी गेले नसते. मागच्या खोलीत खिडकीशी उभे असतात. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तेवढीच. चहा नेऊन ठेवला की गार झालेला कप परत आणायचा, हे माझं काम. दाढी केलेली नाही. एकदाच बाहेर पडले, दवाखान्यात जायला म्हणून, आणि कोपऱ्यावरून परत आले. आमच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार उघडलेलं दिसलं तरी भिंतीला चिकटून चालतात.

मागच्या पत्रात हे शेजारी बसलेत असं लिहिलं होतं. ते मागच्या खोलीत होते.

जोडीदार कोण, असं विचारलंत. तुम्ही त्याला बघितलंय. आमच्या चर्चच्या गल्लीत बेकरी आहे, त्या काकूंचा मुलगा. नुकतीच तिशी ओलांडलेला, ह्यांना दादा म्हणतो. ह्यांनीच त्याला हाताखाली घेऊन काम शिकवलं, आता बरोबरीनं करतो. अजून शुद्धीवर आलेला नाही. काकू दिवसभर दवाखान्यात असतात आणि पहाटे भट्टी पेटवतात, कारण भट्टीला कुणाचं दुखणं कळत नाही. रविवारी चर्चमध्ये येतात. प्रभुभोजनाची भाकर त्यांच्याच हातची असते, आणि आत्ताही त्यांनी ती पाठवायची थांबवलेली नाही.

मी ऑर्गनवर असते, पाठ मंडळीकडे. त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. एवढं एक बरं आहे.

तुमच्या धाकट्याची ती जुनी गंमत आठवते ना? पक्षाघाती माणसाला त्याचे चार मित्र घराच्या छतावर नेतात, छत उघडतात आणि खाट दोरांनी खाली प्रभूपुढे सोडतात. हे प्रत्येक संडेस्कूलमध्ये सांगायचे, "जगातली पहिली लिफ्ट. चार मेकॅनिक, ब्रेक नाही, आणि तरी अपघात नाही." पोरं हसायची. परवा गार चहाचा कप उचलायला गेले तेव्हा भिंतीकडे बघतच म्हणाले, "त्या चौघांतल्या एकाच्या हातून दोर सुटला असता तर?" मी कप घेऊन आले.

प्रार्थना करता असं लिहिता. करा. माझी श्रद्धा बोटांत आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. गाणं दिलं की वाजतं, शब्द मागितले की पंचाईत.

तुमची भावजय


दि. २५ फेब्रुवारी

ती. वन्सं,

सलाम राहू दे. हे पत्र टाकीन की नाही ते माहीत नाही. टाकायचं तर घाईनं टाकायला हवं, म्हणून घाईनं लिहिते.

तुम्ही लिहिलंत, "अपघात झाला म्हणून माणूस इतका खचत नाही. तू काहीतरी गाळते आहेस." हो, गाळते आहे.

लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो. लिफ्टखालच्या खड्ड्यात जो उतरणार, त्यानं आधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचं, मुख्य बटण बंद करायचं आणि त्याला आपली तांबडी पाटी अडकवायची. मग खाली उतरायचं. काम झालं की वर यायचं, "बाहेर" म्हणून सांगायचं आणि पाटी स्वतःच्या हातानं काढायची. दुसऱ्या कुणी त्या पाटीला हात लावायचा नाही, मालकानं सांगितलं तरी नाही. ज्याची पाटी, त्यानंच काढायची. हे वाक्य आमच्या लग्नापासून मी इतक्या वेळा ऐकलंय की डब्यातली शेवटची वडी कुणी खायची यावरसुद्धा आम्ही तेच म्हणतो.

त्या दिवशी जोडीदारानं पाटी लावली होती आणि खड्ड्यात उतरला होता. हे वर मशीनपाशी. जेवायची वेळ टळून गेली होती. खाली सामानाचा ट्रक येऊन उभा, दुकानाचा मॅनेजर जिन्यातून ओरडत होता. रोज ह्या वेळेला जोडीदार खड्ड्यातून बाहेर आलेला असतो. इतक्या वर्षांची सवय. ह्यांना वाटलं, आलाच असेल, हात धुवत असेल. ह्यांनी त्याची पाटी काढली आणि बटण दाबलं.

तो खालीच होता.

पाटी ह्यांच्या खिशात राहिली. ते त्याच्यासाठी खाली धावले. नंतर कुणी विचारलंच नाही. म्हणजे विचारलं, पण असं विचारलं की उत्तर द्यावं लागू नये. कंपनीचे साहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "मशीनच्या खोलीत पाटी सापडलेली नाही. ती नव्हतीच असं दिसतं. माणूस विसरतो. तुम्हाला फक्त तेवढंच सांगायचंय, पाटी नव्हती. त्याला तर काही सांगता येण्यासारखं नाही." साहेब माझ्याकडे वळले, "वहिनी, तुम्ही समजवा." मी त्यांना आणखी अर्धा कप विचारला.

वन्सं, हे मला लिहायचं नव्हतं. ते गेल्यावर ह्यांनी पाटी खिशातून काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, काय करू. आणि मी म्हटलं, "गप्प बसा. नव्हती असं म्हणू नका, होती असंही म्हणू नका. गप्प बसण्यात खोटं काय आहे? तुम्ही बोललात तर एका घराऐवजी दोन घरं बुडतील." माझं गणित चोख होतं. पाटी नव्हती असं ठरलं तर चूक त्याची, मग त्याला भरपाई नाही, दवाखान्याचा खर्च काकूंच्या गळ्यात. हेही मला कळत होतं. कळून म्हटलं.

आणखी एक आहे. आमच्याकडे उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना असते. ज्याला कुणासाठी प्रार्थना मागायची असेल त्यानं जागेवर उभं राहून मागायची. कुणी उभं राहिनासं झालं की मी पुढच्या गीताची चाल हळू सुरू करते, की संपलं. थांबायचं कधी हे माझी बोटं ठरवतात, पाळकसाहेबसुद्धा माझ्याकडे बघतात. ऑर्गनवर एक छोटा आरसा आहे, त्यातून मागची मंडळी दिसतात. काकूंचे पाय भट्टीपुढे उभं राहून जड झालेत, त्यांना उठायला वेळ लागतो. आधी त्यांचा हात पुढच्या बाकाची कड धरतो. तो हात मला आरशात दिसला की मी वाजवायला लागते.

दर रविवारी. सगळ्यांना वाटतं, प्रवचन लांबलं म्हणून मी वेळ सावरते. पाळकसाहेबांनी माझे आभारही मानले.

त्या काय बोलतील याची भीती वाटते. मुलासाठी दुवा मागतील, तर मला ऐकवणार नाही. आमचं नाव घेतील, तर त्याहून नाही.

चौकशी पुढच्या महिन्यात आहे. हे जेवत नाहीत. मी त्यांना वाचवायला गेले आणि ते माझ्या डोळ्यांदेखत विरघळतायत. तुम्ही आईच्या जागी आहात, त्यांना लहानाचं मोठं तुम्ही केलंत, अजून तुम्हाला हाक मारतात ती "मोठे" अशीच. काय करू सांगा. किंवा नका सांगू, तुम्ही काय सांगाल ते मला माहीत आहे, म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाही.

तुमची


दि. ९ मार्च, रविवार

ती. वन्सं यांना सलाम.

तुमचं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या पत्राला इतकंसं उत्तर. "मी येत नाही. आले तर त्याच्या वतीनं मीच बोलून मोकळी होईन आणि त्याला बोलायला काही उरणार नाही. तू त्याला गप्प केलंस, तूच बोलता कर." वाचून मी दोन दिवस तुमच्यावर चिडून होते. मनात तुमच्याशी भांडले, भांडी घासताना मोठ्यानं भांडले. तुम्हाला काय जातं लिहायला, असंही म्हटलं. माफ करा, किंवा नका करू, पण म्हटलं हे खरं.

आता आजचं सांगते. दुपार आहे, हे आतल्या खोलीत झोपलेत. झोपलेत, वन्सं. किती दिवसांनी.

आज सकाळी शास्त्रपाठ झाला, मध्यस्थीची वेळ आली. एकानं बहिणीच्या बाळंतपणासाठी मागितलं, कुणी परीक्षेसाठी. मग आरशात काकूंचा हात आला. बाकाची कड धरली. माझी बोटं पट्ट्यांवर होती, पहिला सूर कुठला तेही ठरलेलं. तुमचं कार्ड आठवलं असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण खरं सांगायचं तर मला काहीच आठवलं नाही. त्या हाताच्या नखांत पीठ होतं, ते दिसलं. मी हात उचलून मांडीवर ठेवले.

इतकी शांतता पसरली की सगळे चुळबुळायला लागले. पाळकसाहेबांनी आरशातून माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान खाली घातली. कुणीतरी खोकलं. बाक करकरला आणि काकू उभ्या राहिल्या.

म्हणाल्या, "माझा मुलगा शुद्धीवर आला. त्याबद्दल देवाचे उपकार. कमरेखाली अजून हालचाल नाही, बोलतो मात्र नीट. त्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही. सारखं एकच विचारतो, आई, मी पाटी लावली होती का गं? मी म्हणते, लावली असशील रे. तर म्हणतो, लावली असती तर असं झालं नसतं, मीच विसरलो असणार. दादांना माझ्यामुळे त्रास होत असेल, जाऊन बघून ये."

मग म्हणाल्या, "मी दर रविवारी बोलणार होते. पण मला उठायला वेळ लागतो आणि ऑर्गन सुरू होतो. म्हटलं, देवाला अजून ऐकायचं नसेल."

कुणी हसलं नाही. माझ्या मानेवर सगळ्यांची नजर मला जाणवत होती.

"पाटी होती की नव्हती हे एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो इथं येत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करायला पाहिजे, हे मला कळतं. मी करून बघितली. पीठ मळताना बघितली, दवाखान्याच्या बाकड्यावर बघितली. तोंडातून शब्द निघत नाही, नुसता राग येतो. माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही एवढे सगळे बसलाय, तुम्ही करा माझ्या वतीनं. जमलं की मी तुमच्यात येईन."

आणि बसल्या.

कुणाला तोंड उघडवेना. पाळकसाहेबांनासुद्धा. शेवटी उठले कोण, तर कंडक्टरकाका. निवृत्त झाल्यापासून दर प्रवचनात घोरणारे, तेच. बसमधल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रभू, एक माणूस आत अडकलाय. त्याला दार सापडत नाही. त्याला बाहेर काढ. दुसरा अंथरुणाला खिळलाय, त्यालाही बाहेर काढ. आम्ही सगळे धरून आहोत. आमेन." आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. काकूंचा आवाज त्यात नव्हता. मी कान देऊन ऐकत होते.

मी शेवटचं गीत वाजवलं नाही. उठले आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर पडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मंडळीनं नुसत्या तोंडानं गायलं. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं, चाल पार बिघडली होती.

घरी आले. हे खिडकीशी. मी चप्पलसुद्धा न काढता उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. हे वळले. म्हणाले, "मीच विसरलो असणार, असं म्हणाला तो?"

"हो."

"परत सांग."

परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग अवजारांच्या पिशवीतून पाटी काढली. बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून जोडीदारानं ती घरी केलेली. पुढून तांबडी, मागे अजून अर्ध्या बिस्किटाचं चित्र आहे. ती हातात धरून तुमचा धाकटा रडला. मी त्यांना सासऱ्यांच्या प्रेताजवळही असं रडताना बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी तुम्हाला गप्प बसा म्हटलं, ते मी परत घेते."

तर म्हणाले, "तुझ्यामुळे नाही बसलो. मला बसायचंच होतं. तू फक्त खुर्ची पुढे केलीस."

मग कितीतरी वेळानं तोच प्रश्न, "चौघांतल्या एकाचा दोर सुटला असता तर?"

या वेळी मला उत्तर आलं. कुठून आलं ते मला विचारू नका, मी शब्दांची बाई नव्हे. मी म्हटलं, "तर उरलेल्या तिघांनी घट्ट धरला असता. खाटही आणि त्यालाही."

हे उठून ताटावर बसले. जेवले. पोटभर नाही, पण जेवले. चौकशी गुरुवारी आहे. काय करणार ते मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मला भीती वाटते, वन्सं. बोलले तरी वाटते, न बोलले तरी वाटते. तुम्ही प्रार्थना करा. आज मीही केली, ऑर्गनशिवाय. वेडीवाकडीच होती.

तुमची भावजय


दि. १५ मार्च

ती. वन्सं यांना दोघांचा सलाम.

गुरुवारी सकाळी ह्यांनी दाढी केली. इतकी वाढली होती की मोरी भरली. मी बरोबर गेले, दारापर्यंतच सोडलं मला. दार नीट लागत नव्हतं, म्हणून ऐकू आलं. ज्या कंपनीला आपल्या कचेरीचं दार दुरुस्त करता येत नाही ती लोकांच्या लिफ्टा बघते.

विचारलं, पाटी होती का. मध्ये इतका वेळ गेला की मला वाटलं, गप्प बसतात की काय. माझी सगळी बोटं एकमेकांत अडकली होती. मग पत्र्याचा आवाज आला, टेबलावर ठेवल्याचा. "होती. ही बघा. मी काढली. त्यानं नियम पाळला, मी मोडला." साहेब म्हणाले, "नीट आठवून सांगा." हे म्हणाले, "आठवतंय म्हणूनच झोप नाही, साहेब."

त्यांनी दोनदा लिहून घेतलं, सह्या घेतल्या. पाटीचे फोटो काढले आणि ती परत दिली. नोकरी गेल्यात जमा आहे. पुढे खटलाही होईल म्हणतात. काय होईल मला माहीत नाही आणि ह्यांनाही नाही. जोडीदाराची भरपाई मात्र आता कुणाला अडवता येणार नाही, एवढं तिथल्याच एका कारकुनानं जिन्यात हळूच सांगितलं.

तिथून सरळ दवाखान्यात. वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्टपुढे हे थांबले. मी म्हटलं, जिन्यानं जाऊ. म्हणाले, नको. आत शिरले, माझा हात असा आवळला की अजून बांगडीचा वळ आहे. दार उघडलं तेव्हा सवयीनं तळाकडे बघून म्हणाले, "लेव्हल बरोबर नाहीये हिची." मला हसू आलं आणि रडूही.

काकू खाटेशेजारी होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, बोलल्या नाहीत. स्टुलावर त्यांची पिशवी होती. ती उचलून त्यांनी मांडीवर घेतली. एवढंच केलं. हे त्या स्टुलावर बसले आणि जोडीदाराला सगळं सांगितलं, त्याच्या तोंडाकडे बघत.

त्यानं मान वळवून छताकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही रे. मी विसरलो."

त्यानं डोळे मिटले. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि ह्यांनी माफी मागितलीही नाही. तो पुन्हा म्हणाला, "मी विसरलो नव्हतो, आई." काकूंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

ह्यांनी पाटी त्याच्यापुढे धरली. त्यानं मानेनंच खाटेच्या दांड्याकडे खूण केली. ह्यांनी तिथं अडकवली. तेवढ्यात नर्स आली, म्हणाली, हे काय लोंबकळतंय, इथं काही लावायचं नाही. तुमच्याच जातीची, वन्सं, हातही पुढे केला तिनं. तो म्हणाला, "हात लावू नका सिस्टर. ज्याची पाटी, त्यानंच काढायची. उठेन त्या दिवशी मी काढीन."

डॉक्टर त्याच्या उठण्याबद्दल काही कबूल करत नाहीत. पण पाटी अजून तिथंच आहे. आज सकाळी मी जाऊन बघून आले. तिची मागची बाजू काकूंकडे होती. त्या बिस्किटाच्या चित्राकडे बघत बसल्या होत्या आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, "हे माझ्या डब्याचं झाकण. घरभर शोधलं मी." मी म्हटलं, नवीन डबा आणून देते. म्हणाल्या, "नको. डबा आहे. झाकण येईल परत." मग मी निघाले तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या ऑर्गन वाजव. गेल्या रविवारचं गाणं ऐकवत नव्हतं."

उद्या रविवार. मध्यस्थीच्या वेळी मी कधी सुरू करणार, मला माहीत नाही. आरसा मी काढून ठेवणार आहे. उठलेले सगळे परत बसले की मला ऐकू येईलच.

नळ अजून गळतोच आहे. बघतो म्हणालेत. फडकं मात्र त्यांनी काढून टाकलंय.

घर कसं चालेल, पुढे काय, हे सगळं अजून उरावर आहे. आजही ओट्याशी उभी राहूनच लिहितेय. पण परवा तुमच्या धाकट्यानं झोपताना प्रार्थना म्हटली, मोठ्यानं, तुम्ही लहानपणी शिकवलेली, तीच दोन ओळींची. मी आमेन म्हटलं.

खालची ओळ त्यांची आहे. मी सांगितलेली नाही, आणि या वेळी ते खरोखरच माझ्या शेजारी बसलेत.

तुमची, आणि तुमच्या प्रार्थनेत असलेली,
भावजय

मोठे, बाहेर आलोय.
धाकटा